सहा रात्रींत कोकण दाखवायचं तर

प्रश्न थोडक्यात असा: जालन्याच्या निवृत्त शिक्षकांचा २४ जणांचा गट, फेब्रुवारी महिना, सहा रात्री, निम्मे शाकाहारी. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळं कोकण बघायचं आहे. निसर्ग, संस्कृती, खाणं यातलं काही सुटायला नको. मार्ग कसा आखावा?

आधी ‘सगळं’ सोडा. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर म्हणतात, पण रस्त्याने जाणाऱ्याला तो तेवढा कधीच नसतो. थोडं पुढे गेलं की एक खाडी आडवी येते. तिथे फेरीबोटीची वाट बघायची, नाहीतर आत शिरून, पूल गाठून पलीकडे यायचं. दाभोळच्या धक्क्यावरून समोर दिसणारं धोपावे बोटीने काही मिनिटांचं. तेच चिपळूणवरून फिरून जा म्हटलं तर अर्धा दिवस मोडतो. त्यात वळणं, चढउतार आणि गावाच्या मधून जाणारे अरुंद रस्ते. किनाऱ्याच्या रस्त्याला तासाला तीस किलोमीटर धरावेत, जास्त नाही. अलिबाग, हरिहरेश्वर, दापोली, गणपतीपुळे, मालवण असा रोज मुक्काम बदलणाऱ्या सहली पुष्कळ निघतात. त्यात माणसं रोज सकाळी बॅगा भरतात, दुपारी कुठल्यातरी हॉटेलात तीच सुरमई थाळी खातात आणि अंधार पडल्यावर समुद्राला पोचतात. साठीच्या पुढच्या मंडळींना हा निव्वळ छळ आहे.

मी आखणीला बसतो तेव्हा आधी दोनच गोष्टी ठरवतो. कुठल्या दोन खाड्यांच्या मध्ये राहायचं, आणि त्या महिन्यात तिथल्या घरांत काय शिजतं. ठिकाणांची यादी त्यानंतर, आणि ती आपोआप लहान होते.

महिन्याचं आधी बोलू, कारण कोकणात नकाशापेक्षा पंचांग जास्त कामाला येतं. कार्तिक लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात, मासळी भरपूर असते, हवा चांगली. संस्कृती हाच मुख्य हेतू असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरला तोड नाही. जानेवारीत रायगडात वालाच्या शेंगा येतात आणि शेतात पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, मडकं उपडं करून भोवती जाळ. पाणी, तेल काही नाही. ती खायला अलिबाग-पेणकडे वेगळी दोन दिवसांची सहल करावी, तुमच्या सहलीत कोंबू नये. मार्चमध्ये शिमगा. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि घरांत पाहुण्यांना जागा उरत नाही. एप्रिल-मे आंबा-फणसाचे, पण घामाच्या धारा आणि गर्दी दोन्ही सोसायची तयारी हवी. हापूस पोटभर आणि परवडेल असा खायचा तर मे बरा, मार्चचा आंबा खिशाला लागतो. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, आणि किल्ल्यांवर जाणाऱ्या होड्या साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बंद. त्या दिवसांत कुणी ‘ताजं पापलेट’ म्हणून वाढलं तर ते बर्फातलं समजा. पावसाळ्यात आंबोली आणि हिरवे सडे, म्हणजे कातळाची पठारं, बघावीत, समुद्र दुरून. गौरी-गणपतीत मात्र कुणी गट आणूच नये. त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं, आणि गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

तुमचा फेब्रुवारी चांगला आहे, शक्यतो दुसरा पंधरवडा धरा. जत्रा संपलेल्या नसतात, ओला काजू बाजारात येऊ लागतो, कोवळा फणस भाजीला मिळतो आणि कासवांची पिल्लं दिसायची शक्यता तयार होते. एकच अडचण: मसुरे गावच्या आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा बहुधा याच सुमारास येते. तिची तारीख पंचांगात छापलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरवतात. त्या दोन-तीन दिवसांत मालवण परिसरात खोली मिळत नाही आणि रेल्वेचं आरक्षण संपलेलं असतं. तारीख जाहीर झाली की आपली सहल चार दिवस अलीकडे-पलीकडे सरकवा. चोवीस ज्येष्ठांना घेऊन त्या गर्दीत शिरायचा सल्ला मी देणार नाही.

आता जागा. तुमच्यासाठी मी दक्षिण टोक निवडतो. उत्तरेला गड नदीची कालावलची खाडी, दक्षिणेला तेरेखोल, मध्ये कर्ली. म्हणजे मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी. यात एकही फेरीबोट लागत नाही, कुठलाही टप्पा दीड-दोन तासांपेक्षा मोठा नाही, रेल्वे दाराशी आहे. जलदुर्ग, दशावतार हे रात्रभराचं लोकनाट्य, चित्रं दाखवत कथा सांगायची चित्रकथी, कांदळवन, कासवं, मिठागरं आणि मालवणी स्वयंपाक एवढ्याशा पट्ट्यात एकत्र सापडतात. दापोली-गुहागरची बाजूही सुंदर आहे, पण ती स्वतःची गाडी घेऊन, बोटींच्या वेळा सांभाळत फिरणाऱ्या चार-सहा जणांची. राजापूर-लांज्याकडच्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. शिक्षकमंडळींना ती आवडतीलही, पण जांभ्याच्या उघड्या सड्यावर सावली नसते. त्यांची ओढ असेल तर मालवण तालुक्यातल्या कुडोपीची शिल्पं सकाळी लवकर बघता येतील, तेवढ्यावर समाधान मानावं.

जालन्याहून मुंबई, आणि तिथून रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस. सकाळी कुडाळ. मोठी बस आणू नका. नारळी-पोफळीच्या गावांत ती वळत नाही, आणि मग साठीच्या पुढची माणसं उन्हात किलोमीटरभर चालतात. कुडाळमधूनच दोन टेम्पो ट्रॅव्हलर स्थानिक चालकांसह घ्या. चालक त्याच भागातला असला की जत्रा कुठे आहे, कोणाकडे आज चांगला बांगडा आलाय, हे सगळं त्याच्याकडून फुकटात कळतं. परतीला मात्र दिवसाची मांडवी एक्स्प्रेस घ्यावी. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि पानवलचा उंच पूल उजेडात बघायचा, वाटेत गाडीतलं खाणं खायचं. तो प्रवासही सहलीचाच भाग धरा. चिपीच्या विमानतळाच्या भरवशावर आखणी करू नका, तिथली सेवा सलग राहिलेली नाही.

पहिल्या दिवशी कुडाळहून थेट मालवण गाठायची घाई नको. जवळच पिंगुळीला ठाकर समाजाच्या कलावंतांचं छोटं संग्रहालय आहे. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या तिथे बघायला मिळतात. परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आधी कळवलंत तर एखादं आख्यान सादर करून दाखवतात. त्याचे पैसे विचारून, पूर्ण आणि आगाऊ द्यावेत, घासाघीस करू नये. तिथून नेरूर, वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर आणि तळं, मग धामापूर. धामापूरचा तलाव सोळाव्या शतकातला, काठावर भगवतीचं देऊळ, भोवती दाट झाडी. दुपारचं जेवण त्याच बाजूला कुणाच्या घरी सांगून ठेवायचं आणि उन्हं कलता मालवणात शिरायचं.

मालवणात तीन रात्री. शहरात किंवा तारकर्ली-देवबागला घरगुती निवास घ्या. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी निवास योजनेत नोंदलेली घरं मिळतात. चोवीस जण एका घरात मावत नाहीत, शेजारशेजारची तीन घरं धरावी लागतील. जेवण मात्र एकाच अंगणात ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला. २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी झालेला हा किल्ला २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी आहे. शिवराजेश्वराचं मंदिर, चुन्यातले हातापायाचे ठसे, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. गुडघे दुखणाऱ्यांनी तटावर चढायचा हट्ट धरू नये, विहिरी आणि मंदिर सपाटीवरच आहे. स्नॉर्केलिंग, स्कुबा या गोष्टी तुमच्या गटाच्या कामाच्या नाहीत. त्याऐवजी देवबागला कर्ली खाडीतून संगमापर्यंत होडीने जा, सकाळी लवकर गेलात तर डॉल्फिनही दिसतात.

होडीची वेळ ठरवताना भरती-ओहोटी बघावी लागते, आणि त्याला मोबाइल लागत नाही. जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार त्रिक बारा भागिले चार, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. हा अंदाज आहे, दक्षिणेकडे थोडा फरक पडतो, तेव्हा होडीवाल्याकडून पक्कं करून घ्या. पण गणिताच्या शिक्षकांना हा हिशेब गाडीत घाला, अर्धा तास मजेत जातो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे कमी भरती. उधाणाच्या दिवशी कुणालाही कमरेच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका.

मालवणात एक सकाळ मासळीसाठी मोकळी ठेवा. रापण लागणार असेल तर ती बघायलाच हवी. किनाऱ्यावरून होडीने मोठं जाळं अर्धवर्तुळात टाकतात आणि दोन्ही टोकांनी पंचवीस-तीस माणसं ते ओढत आणतात. मदतीला हात लावला तर कुणी नाही म्हणत नाही. फोटो काढताना मात्र आधी विचारा, आणि जाळं ओलांडून जाऊ नका. शाकाहारी मंडळींना हे बघायचं नसेल तर त्यांना त्या वेळी बाजारात सोडा, कोकम आणि काजू तिकडेच मिळतात.

खाण्याबद्दल जरा लांबण लावतो, कारण कोकणची सहल इथेच फसते. हॉटेलच्या थाळीत सुरमई किंवा पापलेटचा एक तुकडा, दोन चपात्या आणि गुलाबी रंगाची सोलकढी येते. ती खाऊन ‘मालवणी जेवलो’ म्हणायचं कारण नाही. घरगुती खानावळीत आदल्या रात्री सांगून ठेवा: किती माणसं, किती शाकाहारी, कोणाचं तिखट कमी. आणि अमुकच मासा हवा असं म्हणू नका. ‘आज काय गावला?’ एवढंच विचारा. कधी बांगडे असतील, कधी तारली, कधी मुडदुसे, खाडीचे खुबे किंवा कुर्ल्या. बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, हे सुरमईच्या तळलेल्या तुकडीपेक्षा कितीतरी जास्त कोकणी आहे, आणि स्वस्तही. तिरफळाची चव पहिल्यांदा जिभेला जरा बधिर करते, हे गटाला आधी सांगा. त्याचं बी चावायचं नसतं. सोलकढी आमसुलं भिजवून किंवा आगळातून, म्हणजे कोकमाच्या रसातून, ताज्या नारळाच्या रसात करतात. तिचा रंग फिकट असतो. भडक गुलाबी दिसली तर मी ती बाजूला ठेवतो.

कोंबडी-वडे एक रात्र ठेवा. गावठी कोंबडी हवी असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं, शिजायला वेळ लागतो आणि दर वेगळा असतो. वार मात्र बघून ठेवा. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी अशा दिवशी अनेक घरांत मांस-मच्छी शिजत नाही, आणि यजमानांना त्या दिवशी आग्रह करणं बरं दिसत नाही. असे दिवस शाकाहारी मेजवानीला राखून ठेवावेत, म्हणजे निम्मा गट नेहमी दुय्यम राहतोय असं वाटत नाही.

कारण शाकाहारी कोकण हे मच्छीच्या कोकणाइतकंच मोठं आहे, फक्त हॉटेलात मिळत नाही. ओल्या काजूची उसळ, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळी, कोवळ्या फणसाची भाजी, केळफूल, कुळथाची पिठी आणि भात. सकाळी न्याहारीला पोहे-उपमा नको म्हणून सांगा. घावणे आणि नारळाची चटणी मागा, एक दिवस उकड्या तांदळाची पेज मागा. गोडात खापरोळी किंवा शिरवाळे. तांदळाच्या उकडीचे गोळे लाकडी साच्यात दाबून त्यांच्या शेवया पाडायच्या आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. साचा दाबायला दोन माणसं लागतात, तेव्हा तुमच्यातल्या दोघांना पुढे करा. यजमानीण बाई तासभर स्वयंपाकघर दाखवत असेल तर त्या तासाचेही पैसे द्यावेत, हे मी आधीच ठरवून घेतो. बहुतेक जणी स्वतःहून मागत नाहीत.

खरेदी महामार्गावरच्या मोठ्या दुकानांतून नको. आमसुलं, आगळ, कुळीथपीठ, मालवणी मसाला, फणसपोळी हे महिला बचत गटांकडे किंवा ज्या घरात जेवलात तिथेच घ्या. फेब्रुवारीत हापूस म्हणून जे पेट्यांत दिसतं त्याच्या नादी लागू नका.

तीन रात्रींनंतर मुक्काम वेंगुर्ल्याला, दोन रात्री. इथे मांडवी खाडीत महिला बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारून कांदळवन दाखवतात, झाडांच्या जाती आणि पक्षी नावानिशी सांगतात. इंजिन नसल्याने पक्षी उडत नाहीत. मला या सगळ्या पट्ट्यात निसर्ग दाखवायची ही सर्वांत चांगली पद्धत वाटते. शहरातच कोकण कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना हा आंबा इथेच तयार झाला, आणि काजूच्या ‘वेंगुर्ला’ जातीही इथल्याच. आधी पत्र दिलं तर आत फिरून बघता येतं.

जवळच्या वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात. रत्नागिरी-रायगडच्या सीमेवरच्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये हे काम सुरू केलं, मग ते किनाऱ्याने पसरत गेलं. अंड्यांतून पिल्लं यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, आणि ती सकाळी किंवा संध्याकाळी समुद्रात सोडतात. गटाला ‘कासवं दाखवतो’ असं वचन मात्र देऊ नका. त्या दिवशी घरटं फुटलं तर दिसतील, नाहीतर किनारा दिसेल. आदल्या दिवशी कासवमित्रांना फोन करून विचारावं. दोरीच्या आत जायचं नाही, फ्लॅश नाही, पिल्लाला हात नाही.

वेंगुर्ल्याहून एक सकाळ शिरोड्याला द्या. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला. वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत शिक्षक होते. तुमच्या गटाला हे सांगितलंत तर शाळेपुढे थांबावंच लागेल.

सहावी रात्र सावंतवाडीला. मोती तलाव, राजवाड्यात हाताने रंगवलेले गंजिफा, म्हणजे जुन्या खेळातले पत्ते, चितार आळीत लाकडी खेळणी. अर्ध्या दिवसात होतं. आंबोलीला फेब्रुवारीत चढून जाण्यात अर्थ नाही, तिचा खरा मोसम पावसाचा. त्यापेक्षा दुपारी विश्रांती घ्या, कारण रात्र दशावतारासाठी जागायची आहे. तसंही सगळ्या सहलीत दुपारी एक ते चार काही ठेवू नका. त्या वेळी इथली दुकानंसुद्धा बंद असतात.

दशावतार हॉटेलच्या लॉनवर तासाभराचा मागवतात, तो मी कधी मागवत नाही. तो देवळाच्या प्रांगणात, जत्रेच्या रात्री बघायचा असतो. उशिरा सुरू होतो, आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येतात, मग काळा संकासुर राक्षस येतो आणि पोरं ओरडू लागतात. त्यानंतर मुख्य आख्यान, ते पहाटेपर्यंत. संवाद लिहिलेले नसतात, जागीच सुचतात. स्त्रीपात्रं पुरुषच करतात, रंगभूषाही ज्याची त्याने. तुमच्या मंडळींना पहाटेपर्यंत बसवू नका. संकासुराचा भाग आणि पुढचा तासभर बघून ज्यांना निघायचं त्यांच्यासाठी एक गाडी तयार ठेवा, जागणारे दुसऱ्या गाडीने येतील. जत्रेत खाजं विकायला असतं, आलं आणि गुळाचं, ते घ्या. आणि देवळात कुणी गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मागणं, घालत असेल तर कॅमेरा खाली ठेवून मागे उभं राहा. सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतील तिथे तुम्हीही म्हणालात तर कुणाला वावगं वाटत नाही. गाभाऱ्यात जाण्याचे नियम गावागावात वेगळे असतात, पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू नये.

किरकोळ गोष्टी: रोख पैसे जवळ ठेवा, देवबागसारख्या टोकाला नेटवर्क दगा देतं. रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्त. खर्चाच्या दहा टक्के रक्कम कुठल्याही खात्यात न घालता वेगळी ठेवा, होडी रद्द झाली किंवा रापण बघायला दुसरी गाडी करावी लागली तर ती लागते.

आरक्षणाचा क्रम असा ठेवा. रेल्वेचं बुकिंग प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, जाण्याचं आणि परतीचं तिकीट ज्या त्या दिवशी बुकिंग उघडेल त्याच सकाळी काढा. ती हातात आली की निवास, मग गाड्या, मग पिंगुळी आणि फळ संशोधन केंद्राला पत्र. खानावळींना आठवडाभर आधी फोन पुरे, पक्का आकडा आदल्या दिवशी. दशावताराच्या जत्रेची चौकशी शेवटी करा, कारण तिथी इंग्रजी तारखेला कधी येते त्यावर सावंतवाडीची रात्र पाचवी ठेवायची की सहावी हे ठरेल. वेंगुर्ल्याच्या घरमालकांना एखादी रात्र मागेपुढे होईल एवढं आधीच सांगून ठेवलं की झालं.